हाडाला काही नाही

बोट नका लावू, जगनदादा — फिल्म ओली आहे अजून. आत्ता पाण्यातून काढलीय. इकडे उजेडाकडे बघा... हे तुमच्या वेणूचं मांडीचं हाड, हे नडगीचं, ही वाटी. तडा आहे कुठे? नाही. — अहो, हसू नका एवढ्यात! हाडाला काही नाही म्हटलं मी, गुडघ्याला काही नाही असं नाही म्हटलं. दोन हाडांना बांधून ठेवणारी दोरी असते आत, मध्ये गादी असते — ती एक्स-रेत येतच नाही, मी तरी काय करू? त्याला एमआरआय लागतो, तो मुंबईला. — माहीत आहे हो, रविवारी फायनल आहे, कामोठ्याशी. वेणूशिवाय चढाईला कोण जाणार, तेही माहीत आहे. मला कबड्डी शिकवता?

माझी दिपिका चढाईलाच होती. — होती म्हणजे, आहे घरी, चांगली आहे, तसं काही नाही. ब्याण्णव साली मैदानात पडली, फोटो मीच काढला, याच टेबलावर. फिल्म वाळूसुद्धा दिली नाही — पाणी गळत असतानाच ट्यूबलाइटसमोर धरली आणि अख्ख्या टीमसमोर म्हटलं, हाड ठणठणीत, जा खेळ! ती म्हणाली, बाबा, गुडघा सटकतो. मी म्हटलं, नाटकं नकोत. मी! सतरा वर्षं गुडघेच बघणारा! — डॉक्टर म्हणाले होते का खेळ म्हणून, विचारता? कुठले — डॉक्टर त्या दिवशी आलेच नव्हते... हे तिच्या आईलाही ठाऊक नाही, जाऊ दे. दीड वर्षानं मुंबईला एमआरआय काढला. तिथं सगळं दिसलं. दोरी तुटलेली, आणि तशीच खेळत राहिली म्हणून गादीच्याही चिंध्या.

तुमच्या रिपोर्टात डॉक्टर 'हाड नॉर्मल' असंच लिहिणार. खोटं थोडंच आहे ते! आणि तो कागद तुम्ही मंडळाला दाखवणार. मी कोण? फोटो काढणारा. — 'सूज नाय आता'? दिपिकाचीही उतरली होती, दादा! हात जोडतो, हा एक रविवार — निघालात? बरं. फिल्म आडवी धरा, ओघळ येतात.

ओ दादा... मागं वळून बघा तरी. बाहेरच्या तीनच पायऱ्या आहेत — बघा पोरगी कशी उतरतेय. कठडा धरून, तिरकी, एकेक. दिपिका अशीच —

गेले.

पुढचं कोण? या आत. चप्पल बाहेर.