फाइलीतली नात

नाही नाही, उठू नका बाई, टेबल तुम्हालाच राहू द्या — मी इथं खाटेवर जेवेन. नात झेरॉक्स काढायला गेलीय, येईलच, तोवर चालू द्या तुमचं, तिच्या कॉलेजच्या अर्जाची फाइल लावायचं. हिरवी पट्टी सेवेची, पिवळी नेतृत्वाची, असंच म्हणालात ना? छान. मला अक्षर येत नाही, पण रंग कळतात. हा फोटो झाड लावण्याचा ना — माहितीय मला ते झाड. एक खड्डा, एक रोप अन् पाच पोरं. एकानं फावडं धरायचं, फोटो, दे पुढच्याला! पाच वेळा लावून घेतलं बिचाऱ्यानं. पाणी घालतानाचा आहे का एखादा? नसायचाच. आणि खाली काय ते, मघाशी वाचून दाखवलंत — 'या अनुभवानं मी आमूलाग्र बदलले.' कुत्र्यांच्या पानावर बदलली, नाटकाच्या पानावर बदलली — दर पानाला पोरगी बदलतेय, मग मूळची उरली किती? मी तर तिच्या जन्मापासून बघतोय, मला तीच दिसते. पण त्या कॉलेजावर जीव अडकलाय तिचा, म्हणून गप्प बसतो.

काय म्हणता, अजून कमी पडतंय? 'खरी कळकळ दिसत नाही'? अस्सं! म्हणजे कळकळ दिसली पाहिजे, फोटोत आली पाहिजे, तिला पट्टी लागली पाहिजे — मग ती कळकळ! अहो, जिनं वर्षभर आजीच्या — जाऊ द्या. नाही, काही नाही. तशी मोठी गोष्ट नाही हो. आमच्या म्हातारीचं, तिच्या आजीचं, डोकं गेलं होतं शेवटी, एवढंच. मला ओळखेना, सुनेला चोर म्हणे, अन् नातीला आपली धाकटी बहीण समजे — लहानपणीच गेलेली. 'माझा आरसा फोडलास ना गं, भवाने?' रोज तेच. सून सांगायला जायची, आई, ही तुमची नात — की म्हातारीचा आकांत. आणि ही पोर! शाळेतून आली की दप्तर टाकायची, दार लोटून घ्यायची अन् कान धरायची — 'चुकलं ताई, परत नाही फोडणार.' न फोडलेल्या आरशाची माफी, रोज नव्यानं. मग दोघी भांडायच्या, खिदळायच्या. मी दाराबाहेर बसून ऐकायचो — तिला ठाऊक नाही. कुणालाच नाही. जायच्या आदल्या दिवशी म्हातारी म्हणाली, 'जाऊ दे गं, जुनाच होता आरसा' — तेव्हा पोरगी जी रडली, बाई —

हे काय, लिहिताय? ती निळी पट्टी कशाला काढलीत? नाही. पेन खाली ठेवा. हे एक पान सगळ्यांवर भारी पडेल म्हणता — पडेल की. खाली तुम्ही लिहाल, मी आमूलाग्र बदलले. अन् तिला कळेल, म्हातारा दाराशी होता. त्या खोलीतलं तेवढं एकच तिचं स्वतःचं होतं हो, तेही मीच बाजारात नेऊन मांडलं असं होईल. नाही मिळालं कॉलेज तर नाही मिळालं — रडेल चार दिवस, मी बसेन शेजारी. फाडा तो कागद. अजून बारीक. द्या इकडे तुकडे — जिन्यात पावलं वाजतायत, तोंडातून शब्द काढायचा नाही.

आलीस होय गं? काही नाही, बाई निघाल्याच होत्या.