पाणीखात्यातली जागा

(एडन, यादवी युद्धानंतरचं वर्ष; वेढा घालून जिंकलेलं शहर आता उत्तरेच्या ताब्यात आहे. नजीबाचं घर. धाकटा भाऊ अनीस दुपारच्या बैठकीहून नुकताच परतला आहे.)

नजीबा : आधी तोंडातला तो नशेचा पाला थुंकून ये. अर्धं बोलणं कळत नाहीये तुझं.

अनीस : ताई, उत्तरेकडून आलेल्या शेखच्या बैठकीत पाला न चघळता बसलो असतो तर उठवलं असतं मला. चार दिवस दाराशी काढले, आज कुठे आत घेतलं.

नजीबा : मंगळवारी पाला! आपल्या एडनात सुट्टीचे गुरुवार-शुक्रवार सोडले तर कुणी हात लावत नव्हतं त्याला.

अनीस : ते एडन गेलं. ऐक तरी. तुझं काम झालं. शनिवारी रुजू हो पाणीखात्यात, तुझ्याच जागेवर.

नजीबा : आणि त्या जागेवर बसलेला शेखचा भाचा?

अनीस : तो साहेब होतोय.

नजीबा : होणारच. एका झटक्यात चावी फिरवून मुअल्ला वस्तीची मोठी लाइन फोडली त्यानं. साहेब व्हायला आणखी काय लागतं?

अनीस : हळू. खिडकी उघडी आहे.

नजीबा : पंचवीस वर्षं चाव्या सांभाळल्या मी. पहिल्या दिवशी बासुवेद इंजिनिअरसाहेबांनी लोखंडी कांब पाइपवर टेकवली, दुसरं टोक माझ्या कानाला लावलं. म्हणाले, ऐक, पाणी बोलतं. मला वाटलं, नवी पोरगी बघून चेष्टा करतायत. पुढे पुढे रस्त्यानं चालता चालता गळती कळायची मला. आणि काढलं कशासाठी? वेढ्यात पाणी सोडलं म्हणून!

अनीस : आपल्या हरलेल्या फौजेच्या बराकीला सोडलंस, म्हणून.

नजीबा : बराक आणि बाळंतिणींचा दवाखाना एकाच लाइनवर आहेत. हे सांगितलंस शेखला?

अनीस : सांगितलं. ते म्हणाले, बाईमाणूस आपल्या मनानं असं करणार नाही. हुकूम कुणाचा होता, तेवढं नाव द्या.

नजीबा : कुणाचाच नव्हता. बासुवेदसाहेब तापानं घरी पडले होते. मी फिरवली चावी. माझ्या हातानं.

अनीस : साहेब आता समुद्रापलीकडे जिबूतीत आहेत, सुखरूप. त्यांचं काय वाकडं होणार आहे?

नजीबा : घर तर इथेच आहे त्यांचं! बायको शफीका आहे, सून आहे, तीन नातवंडं आहेत. हुकूम देणारा फितूर ठरला की घर जप्त. तव्वाहीत या महिन्यात तीन घरं गेली, तिन्हींत शेखची माणसं राहायला आली. मी असलं काही लिहून देणार नाही, अनीस.

अनीस : तुला लिहावं लागणार नाही.

नजीबा : म्हणजे?

अनीस : बाईच्या वतीनं घरच्या पुरुषाची सही चालते म्हणाले.

नजीबा : ...माझ्या सहीनं अर्ध्या एडनला पाणी सुटत होतं रे.

अनीस : आठ तोंडं आहेत घरात. माझी फौजेतली नोकरी कधीच परत मिळायची नाही. तुझी एकटीची मिळत होती. काय करायला हवं होतं मी?

नजीबा : मला विचारायला हवं होतं.

अनीस : तू नाही म्हणाली असतीस.

नजीबा : जा, आत्ता जा. कागद परत माग.

अनीस : शेखचा शिक्का बसलाय त्यावर. माझ्यासमोरच गाडीनं पाठवला कचेरीत. सकाळी साहेबांचं घर ताब्यात घ्यायला येतील ते लोक.

नजीबा : उद्या सकाळी? माझा बुरखा दे इकडे.

अनीस : निघालीस कुठे? शफीकाला कुठल्या तोंडानं सांगणार आहेस?

नजीबा : हेच तोंड आहे माझ्याकडे.

अनीस : आणि शनिवारी? रुजू व्हायचं ना, ताई?

नजीबा : शनिवारी तूच जा. सही तुझी आहे.

अनीस : ताई...

नजीबा : आता मात्र माझ्याबरोबर चल. त्यांच्या घरी सामान उचलायला पुरुष नाही.