हॉलामागची जागा

(द्रौपदी गवस, डिचोली. मेथडिस्ट हॉलात चाळीसेक वर्षं झाडलोट केली.)

मी मूळची दोडामार्गाकडची, पण काय सांगू तुमका बाय, डिचोलीत येऊन इतकी वर्षं झाली की तिकडे गेले तर तिकडचे माका गोंयकारीण म्हणतात आणि इकडचे अजून भायली म्हणतात. माझा घोव खाणीवर ट्रक चालवायचा, शिरगावची माती उचलायची आणि नदीच्या धक्क्यावर नेऊन ओतायची, दिवसभर तेच. घरी यायचा तर पापण्यासुद्धा लाल. लग्न होऊन आले तेव्हा माका वाटलं ह्याचा रंगच तसा.

तुम्ही हॉलाचा इतिहास विचारता, तो सांगते. गोवा सुटल्यावर खाणी वाढल्या, तेव्हा बेळगावाकडची ही मेथडिस्ट माणसं आली, कोण फिटर, कोण कारकून, एक नर्स होती. मराठी बोलणारी, मराठीत भजन करणारी, पेटी-तबला घेऊन. इथले किरिस्तांव म्हणत, हे कसले किरिस्तांव, ह्यांच्या इगर्जीत सायबिणीची, मेरीमातेची मूर्ती नाय की वर्षाचं फेस्त नाय. तर त्यांनी आपला हॉल आपणच बांधला. रविवारी प्रार्थना झाली की जांभ्या दगडाचे चिरे वाहायचे, बायकासुद्धा डोक्यावर घेऊन. गवंडी नव्हतेच त्यांच्यात, म्हणून एक भिंत पयल्यापासून मधे फुगून पोटाला आलेली. घंटा नव्हती, तर खाणीतल्या रुळाचा तुकडा मागच्या फणसाला टांगलेला, तो वाजवायचे, बाजारापर्यंत ऐकू यायचा. पाद्री महिन्यातून एकदा चोर्ल्याच्या घाटातून बसनं यायचे. घाट बंद झाला की नाय. मग सरोजबाईच पुस्तक वाचायच्या.

सरोजबाई म्हणजे फिटरची बायको. त्या दुपारी हॉलात बायकांना शिवण शिकवायच्या, कुठल्या जातीची, कुठल्या धर्माची, काय विचारायच्या नाय. नाताळाला त्या आमच्याकडे नेवऱ्या पाठवत, चवथीला आम्ही त्यांच्याकडे. मी पयल्या वेळेला गरवार होते तेव्हा थंय शिकायला जायचे. पोट मशीनला लागायचं, सगळ्या हसायच्या.

पोर झालं, चेडू, पयली मुलगी. आठव्या दिवशी गेलं. ताप नाय, काय नाय, सकाळी पाजायला घेतलं तर थंड.

आता ऐका. इतकं लहान जाळत नाहीत, पुरतात. पण पुरायचं कुठे? आम्ही भाड्याच्या खोलीत, आमची वीतभर जमीन नाय. घोव विचारायला गेला, तर एक म्हातारा म्हणाला, इथली जागा इथल्या लोकांची, तुमच्या गावाक न्या. बाय, मेलेलं पोर मांडीवर घेऊन मी बसमध्ये कशी बसू? शेजारची विचारणार, किती दिवसांचं, चेहरा बघू. मी काय दाखवू?

मी तशीच सरोजबाईंकडे गेले. शालीत गुंडाळलेलं होतं. त्यांनी शाल बाजूला केली, बघितलं, परत झाकली. म्हणाल्या, हॉलाच्या मागे आण. मी म्हटलं, बाई, तुमच्या लोकांना कळलं तर? त्या म्हणाल्या, दुपारी आण, दुपारी डिचोली निजते. खरंच, बाजार बंद, दारं बंद, उन्हात काळं कुत्रं नाय. घोवानं फणस आणि दगडी गडगा ह्यांच्या मधे खणलं, मी ठेवलं, सरोजबाईंनी त्यांचं काय ते पुटपुटलं, मी आमच्या सातेरी देवीचं नाव घेतलं. माती लोटली. म्हणाल्या, कोणाक सांगू नको, हे आपण तिघांत.

नाय सांगितलं. महिन्याभरानं मी हॉल झाडायला लागले. लोकांना वाटलं पगारासाठी. मी हॉल झाडायचे आणि मग मागची जागा झाडायचे, रोज. कोण म्हणायचं, रानात कसला केर काढते ही? मागाहून माका मुलगी झाली, शोभा, मग झील झाला. त्यांनाही सांगितलं नाय. सरोजबाई वारल्या, माझा घोव वारला. तिघांतली मी एकटी उरले.

खाणी बंद पडल्या आणि हॉलाची माणसं पांगली, कोण बेळगावात, कोण पुण्यात. चार घरं राहिली. छपराचे वासे वाळवीनं खाल्ले, एका रविवारी प्रार्थनेत कौलं खाली आली, नशीब कोणाच्या डोक्यात पडली नाय. सरोजबाईंचा झील विजय, तोच आता सगळं बघतो. म्हणाला, मावशी, पाडून लहानसा नवा बांधतो, इलाज नाय. मी म्हटलं बरं. त्याचं काय चुकलं? मग त्यानं नकाशा दाखवला. हा हॉल, हे स्वयंपाकघर, मागे संडास, आणि हयसर संडासाची टाकी.

बाय, जिथं तिला ठेवली, त्याच जागेवर.

चार दिवस मी पेजेला हात लावला नाय. शोभा म्हणते, आई, डॉक्टराकडे चल. काय सांगू डॉक्टराला? शेवटी विजयकडे गेले आणि सांगितलं, सगळं, उभ्या उभ्या. त्यानं नकाशा परत उलगडला. मग म्हणाला, माझ्या आईनं? मी म्हटलं, तुझ्या आईनं. तो म्हणाला, मावशी, हे बाहेर गेलं तर चौकशी होईल, काम थांबेल, पण टाकी मी सरकवतो, तुम्ही नेमकी जागा दाखवा.

आम्ही दोघं मागे गेलो. आणि माका सापडेना!

फणस कधीच तोडलेला, गडगा दोनदा पडून नवीन घातलेला. चाळीस वर्षं मी ती जागा झाडली, डोळे मिटून दाखवीन असं वाटायचं, आणि त्या दिवशी कधी वाटे हयसर, कधी वाटे थंय, चार पावलं पलीकडे. मी गडग्यापासून पावलं मोजली, परत मोजली. खाली बसून हातानं माती चाचपली. विजय म्हणत होता, मावशी, सावकाश. मी रडत म्हटलं, अरे, मी आई ना तिची, माका कसं कळत नाय? शेवटी एका जागी बोट दाखवलं. खरी की खोटी, देवाक ठाऊक. त्यानं चुन्याची रेघ दुसऱ्या कोपऱ्यात ओढली, कामगारांना सांगितलं, पयल्या जागेत खडक लागतो.

खणायला मशीन आलं तेव्हा मी काठावर उभी. प्रत्येक घासाला बघत होते. लाल माती, चिऱ्याचे तुकडे, मुळं. दुसरं काय नाय. म्हणजे मी बरोबर दाखवलं की मातीनं तिला कधीच खाऊन टाकलं, कोण सांगणार?

जुना हॉल गेला आता. पोटाला आलेली भिंत सगळ्यात शेवटी पडली. नव्याचा स्लॅब झालाय. मी दुपारी जाते, मागे बसते, बघणारे म्हणतात म्हातारीचं डोकं गेलं. परवा शोभा शोधत आली, म्हणाली, आई, उन्हात काय करतेस, खरं सांग. सांगितलं. म्हटलं, आता रागावेल. ती बाजूला मातीतच बसली. म्हणाली, माझ्या आधीची की मागची? मी म्हटलं, आधीची.

ती म्हणाली, म्हणजे माका मोठी बहीण होती.

इतक्या वर्षांत तिला कोणी कोणाची बहीण म्हटलं नव्हतं, बाय. लिहा तुम्ही काय लिहायचं ते. देव तुमचं बरं करो.