आपेनीसाआजोबांचा ठिपका

(फिजीतलं काडावू बेट. चर्चमधला गाण्याचा सराव नुकताच आटोपलाय. सेमेसा गायनवृंदाचे प्रमुख. त्यांची भाची लितियाना गावाच्या मासेमोजणीचं काम बघते.)

लितियाना : कावा प्यायचा मागाहून, मामा. आधी असे जवळ सरका, या संगणकाच्या पडद्याकडे बघा. गोष्ट सांगते, आपल्याच खाडीची.

सेमेसा : सांग बाई. गाणं नसलेल्या प्रवचनाला मला डुलकी लागते, एवढं ध्यानात ठेव.

लितियाना : हा एकेक ठिपका म्हणजे एकेका दिवशी बुडी मारून मोजलेले कावाकावा मासे. अंडी घालायला आधी थोडे येतात, मग झुंबड, मग पांगापांग. ठिपक्यांमधून रेघ ओढली की घंटेसारखी टेकडी होते. माथा ज्या आठवड्यात, त्या आठवड्यात दरवर्षी मासेमारी बंद.

सेमेसा : पण ही तर उजवीकडे कलंडलीय.

लितियाना : या एका ठिपक्यापायी! आपेनीसाआजोबांचा. झुंबड ओसरल्यावर त्यांनी मोजले म्हणे तीनशे मासे. माथा आठवडाभर पुढे ओढलाय त्यानं. असंच ठरवलं तर ऐन झुंबडीत जाळी पडतील, पिल्लं कुठून येणार? पुसूनच टाकते.

सेमेसा : पुसतेस? अगं, तो सूर सोडतो म्हणून इतक्या वर्षांत मी त्याला वृंदातून काढलं का?

लितियाना : नाही. मागच्या ओळीत उभं केलंत.

सेमेसा : मग?

लितियाना : मग ऐकू येतात, पण बाकीच्यांना ओढून नेत नाहीत... थांबा, मामा! ठिपक्याला वजन देता येतं की. त्यांचं कमी करते.

सेमेसा : का? तुला आवडला नाही म्हणून?

लितियाना : नाही हो. त्या दिवशी नदीला लोंढा आला होता. गढूळ पाण्यात हातापलीकडचं दिसत नाही. तोच मासा फिरून आला तरी पुन्हा मोजला जातो.

सेमेसा : मग गढूळ पाण्यातले सगळेच मागे.

लितियाना : सगळे? त्यात हा माझा आहे. बघा ना, कसा रेघेवर नेमका बसलाय!

सेमेसा : गळ्यात टाय बांधून उभा राहिला म्हणून कुणी सुरात गात नाही. मागे घाल.

लितियाना : घातलं बापड्याला... आता ओढते रेघ. मामा, माथा आला जागेवर! झुंबडीच्याच आठवड्यात!

सेमेसा : आणि म्हातारा?

लितियाना : आहे की. हा काय, कोपऱ्यात.

सेमेसा : शाब्बास पोरी. आण आता कावा. आणि हे बघ, उद्या सुव्हाच्या इस्पितळात त्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे. सकाळच्या प्रार्थनेत आपेनीसाची आठवण ठेव. तिथे मात्र त्याला पहिल्या ओळीत उभा कर.