कावळ्याच्या आधी विचारा

मंडळी, ऐका! मेलेल्या माणसाची इच्छा विचारणं हा धर्म. मग जिवंत माणसाची इच्छा विचारणं अभद्र कसं हो? हसू नका, उत्तर द्या! नाही? मग नलूची गोष्ट ऐका.

सांगलीचा घाट. नलूच्या काकांचा, दामूअण्णांचा, दहावा दिवस. पिंड मांडला. कावळा आला — आणि शिवेना! म्हणजे? अण्णांची काहीतरी इच्छा राहिली! झालं, सगळे हात जोडून अंदाज बांधायला लागले.

मुलगा म्हणाला, "अण्णा, आईला अंतर देणार नाही!" कावळा ढिम्म. जावई म्हणाला, "अण्णा, बांधाची केस मागे घेतो!" कावळ्यानं चोच पुसली. मागून कुणीतरी — "अण्णा, श्रीखंड करू!" अहो, अण्णांना मधुमेह! पण आता पथ्य कुणाला? शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि मंडळी जेवायला गेली.

नलूचे वडील यशवंतराव पायरीवर दम खात बसले होते. फुप्फुसं थकलेली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पुढच्या खेपेला दवाखान्यात आणलं, तर बहुतेक श्वासाच्या मशीनवर ठेवावं लागेल. ते म्हणाले, "नलू, माझं काय ते आत्ताच विचार. मागाहून कावळ्यापुढे एवढ्या उन्हात उभी राहू नकोस."

"बाबा! काहीतरी अभद्र बोलू नका!"

घरी आल्यावरही तेच! यशवंतरावांनी तोंड उघडलं, की नलू त्यात काहीतरी घालायची. "नलू, मला —" गोळी! "अगं, मशीनचं —" चहा! वडिलांची सेवा म्हणतात ती हीच. तुमच्याकडेही चालते.

एका दुपारी मोसंबीची फोड पुढे आली. यशवंतरावांनी तोंडच उघडलं नाही! फोड तशीच हातात. मग म्हणाले, "बरं. मी गेलो. तू घाटावर. कावळा समोर बसलाय. काय सांगशील त्याला?"

नलूनं विचार केला. बाबांना सगळ्यांत जास्त काय हवंय? आणि मंडळी, तिला माहीत नव्हतं! बाबांचा चष्म्याचा नंबर माहीत, साखर किती चमचे ते माहीत — हे माहीत नव्हतं.

तिनं फोड ताटलीत ठेवली. "सांगा, बाबा."

"नळी नको. मशीन नको. घरी, या खिडकीपाशी. उद्या डॉक्टरांसमोर मीच बोलतो, म्हणजे तुझ्या डोक्यावर ओझं नको."

"आणि ऐन वेळी मला वाटलं, अजून थोडे दिवस हवेत — तर?"

"वाटेल," यशवंतराव म्हणाले. "मलाही वाटेल. तरी नको."

नलू रडली. मग दोघांनी मिळून मोसंबी संपवली.

मंडळी, तुमच्या घरी कुणाचं वाक्य अर्धवट राहिलंय? आठवलं ना चटकन? मग इथं कीर्तनात काय बसलात? उठा, घरी जा! आरती आम्ही दोघं-तिघं करून घेऊ.