क्लाइडला हवा विजेवरचा ड्रायर

मार्लीन : विजेवरचा? क्लाइड, तू विजेवरचा ड्रायर घेणार? अरे, उभी हयात गॅस कंपनीत घालवलीस तू!

क्लाइड : हळू बोल. दुकान आहे हे.

मार्लीन : असू दे. निम्म्या टोलेडो शहराच्या तळघरांतून वास घेत हिंडलास, गळती शोधत. माझ्या आईने विजेची शेगडी घेतली तेव्हा वर्षभर तिच्याकडे जेवला नाहीस!

क्लाइड : तुझ्या आईच्या हातचं टाळायला मला शेगडीचं निमित्त लागत नव्हतं.

मार्लीन : विषय बदलू नकोस. अहो, ऐकलंत का? तुम्ही या दुकानातलेच ना?

डेव्हॉन : हो मॅडम, मी डेव्हॉन. कपड्यांचा ड्रायर बघताय?

मार्लीन : बघतोय कसला, भांडतोय. आमचा जुना बंद पडला. बाहेर बर्फ, तळघरात दोऱ्याच दोऱ्या, ओल्या टॉवेलांतून वाट काढत जावं लागतंय. तुम्ही तरी समजवा याला.

डेव्हॉन : घरात गॅसची लाइन आहे?

मार्लीन : आहे म्हणजे? ड्रायरच्या पाठीमागेच आहे. यानेच टाकलीय, स्वतःच्या हाताने.

डेव्हॉन : मग गॅसचाच घ्या ना, सर. मशीन जरा महाग पडेल, पण कपडे लवकर वाळतात, बिल कमी येतं. विजेच्याला दोनशे चाळीस व्होल्टचं वेगळं कनेक्शन लागेल. आहे तुमच्याकडे?

क्लाइड : करून घेऊ.

मार्लीन : इलेक्ट्रिशियन येणार कधी, वायर ओढणार कधी? तोवर ज्युनीचे पायजमे काय मी डोक्यावर वाळवू? आमची नात हो, तीन वर्षांची. दिवसभर आमच्याकडेच असते.

डेव्हॉन : उद्या माल घरी पोचवणाऱ्या गाडीत एकच जागा उरलीय. गॅसचा म्हणालात तर उद्या दुपारी कपडे—

क्लाइड : गॅसचा नको म्हटलं ना!

डेव्हॉन : बरं, बरं. मी तिकडे फ्रिजजवळ आहे. ठरलं की हाक मारा.

मार्लीन : त्या बिचाऱ्यावर कशाला खेकसतोस? काय झालंय तुला हल्ली? भीती वाटते रे मला.

क्लाइड : कसली भीती?

मार्लीन : भांड्यांचा साबण बघता बघता संपतो. परवा मी तळघरात उतरले, तर तू ब्रश घेऊन पाइपांना साबणाचा फेस फासत होतास. मी गुपचूप वर आले. म्हटलं, झालं, याचं डोकं गेलं. माझ्या वडिलांचंही असंच सुरू झालं होतं.

क्लाइड : डोकं ठिकाणावर आहे माझं. सांध्यातून गॅस गळत असला की फेसाला बुडबुडे येतात. तेवढं बघतो.

मार्लीन : पण तुला फेस कशाला लागतो? कंपनीतले सगळे म्हणायचे, गळती शोधायचं यंत्र राहू दे गाडीत, क्लाइडला आत पाठवा.

क्लाइड : चल, घरी जाऊ. उद्या बघू.

मार्लीन : थांब. इकडे बघ माझ्याकडे. आज सकाळी टोस्ट जळून कोळसा झाला. मी वरून धावत आले, आणि तू पाठमोरा बसून खुशाल पेपर वाचत होतास.

क्लाइड : शब्दकोडं अडलं होतं.

मार्लीन : तुला वास येत नाही.

क्लाइड : हळू, गं.

मार्लीन : येत नाही ना?

क्लाइड : नाही.

मार्लीन : कधीपासून?

क्लाइड : तो ताप आला होता ना, तेव्हापासून. वाटलं सर्दी आहे, जाईल. नाताळ येऊन गेला तरी तेच. डॉक्टर म्हणतो, येईल परत, किंवा नाहीही येणार. कॉफी म्हणजे नुसतं गरम पाणी. ज्युनी मांडीवर बसते, मी तिच्या केसांत नाक खुपसतो. काही नाही, मार्लीन. काहीच नाही.

मार्लीन : आणि मला बोलला नाहीस! मला!

क्लाइड : तुला सांगितलं की संध्याकाळपर्यंत आपल्या ट्रिशला कळणार. तू कामावर, घरात मी एकटा. कुठली मुलगी आपलं लेकरू ठेवेल असल्या बापाकडे? दुसऱ्या दिवशी पाळणाघर. ती पोर सकाळी दारातूनच 'ग्रँपा, ग्रँपा' ओरडत येते ना, तिच्यासाठी उठतो गं मी. नाहीतर कशासाठी उठू?

मार्लीन : थांब जरा. त्या मंगळवारी मी कामावरून आले, दार उघडलं तर गॅसचा भपकारा. तू म्हणालास, आत्ताच पेटवायला गेलो, पेटला नाही.

क्लाइड : हं.

मार्लीन : आत्ताच नव्हता ना तो?

क्लाइड : ज्युनीने शेगडीचं बटण फिरवलं असणार. कधी, ते नाही माहीत. आम्ही चित्रांचं कोडं जुळवत बसलो होतो.

मार्लीन : कुठे?

क्लाइड : तिथेच. स्वयंपाकघरात.

मार्लीन : अरे देवा! ते लेकरू तिथे होतं?

क्लाइड : लोकांना घराबाहेर काढण्यात माझं आयुष्य गेलं. म्हातारी माणसं उचलून बाहेर आणलीयत मी. आणि माझ्याच घरात मी तिला मांडीवर घेऊन बसलो होतो.

मार्लीन : आणि त्यावर ड्रायर बदलतोयस! शेगडी गॅसवर, पाणी तापतं गॅसवर, घर तापतं गॅसवर!

क्लाइड : म्हटलं, एक तरी कमी होईल. मग हळूहळू सगळंच बदलू. तुला कळायच्या आत.

मार्लीन : काय बोलू तुला! निदान गॅसचा अलार्म तरी लावायचास.

क्लाइड : लावलाय.

मार्लीन : कुठे? मला कसा दिसला नाही?

क्लाइड : तळघरात, खोक्यांच्या मागे. शेगडीजवळ लावला असता तर तू विचारलं असतंस.

मार्लीन : आणि वर गॅस सुटला तर तो खोक्यांमागे जाऊन अलार्म वाजवणार होता होय रे?

क्लाइड : कळतं मला.

मार्लीन : कळतं! कळून सवरून केलंस. डेव्हॉन! अहो डेव्हॉन, इकडे या!

डेव्हॉन : ठरलं? गॅसचा?

मार्लीन : विजेचा. आणि एक शेगडीही काढा, विजेवरची.

डेव्हॉन : शेगडी? बरं, आणतो कागद.

क्लाइड : तुझा फोन वाजतोय.

मार्लीन : ट्रिश आहे. उद्या किती वाजता सोडू, विचारत असणार. घे.

क्लाइड : तू बोल. म्हणावं, नेहमीसारखंच. शेगडी आली की सांगू तिला.

मार्लीन : क्लाइड, तू गळती शोधायला कुणाच्या घरी गेला असतास, आणि तिथला आजोबा म्हणाला असता, नवी शेगडी येईपर्यंत पोरीला राहू द्या आत, तर?

क्लाइड : हो, पण—

मार्लीन : ठेवली असतीस तिला आत?

क्लाइड : दे तो फोन.

(मार्लीन फोन त्याच्या हातात देते आणि त्याचा दुसरा हात धरून ठेवते.)

क्लाइड : हॅलो, ट्रिश. हो, दुकानातच आहोत. नाही, उद्या नको. ज्युनीला आणू नकोस उद्या. मी बरा आहे गं. जरा शांत बस आणि ऐक. नाही, तिच्या हातात फोन नको देऊ. आधी तू ऐक.