तोरणाची वायर

नाई, च्या नाई भेटत आज. आधी त्या नेटच्या डब्यावरचा लाल दिवा हिरवा कर, मंग च्या. मांगच्या खेपेले तूच आलता ना — का तुह्यासारखा दुसरा कोनी? सारे सारखेच दिसता तुमी, पाठीवर थैली, कानात ते बोंडं आन गालात खर्रा. आला, च्या पेला, खांब पाह्यला, 'मावशी, उद्या मानसं घेऊन येतो' म्हने आन चांदूरले गेला तो गेलाच. गनपती बसले, गनपती उठले, तुह्या उद्याचा पत्ता नाई. अॅपवर तक्रार टाका म्हनता — आन ते अॅप कशावर चालते रे? नेटवरच ना? किशोर माहा पान्याच्या टाकीवर चढून तक्रार टाकते, त खाली उतरेलोक मेसेज — तुमची तक्रार सुटली, धन्यवाद. कोनाची सुटली? थू तुमच्या धंद्यावर.

वायर तुटली कशानं? मले काय विचारतं, तिकडं ओसरीवर बसले हायेत त्यायले विचार. किशोरचे बाबा. वामनराव. पोळ्याचं तोरन तोडाचा मान ज्यायच्या घरी हाये ना, तेच. आता कसे खाली मुंडी घालून पेपर वाचून राहिले पाह्य — कालचाच पेपर हाये तो. दरसाली तोरन मारोतीपुढच्या लिंबाले बांधे. यंदा रस्त्याच्या कामात लिंब तोडला. मंग तोरन बांधाचं कोठी? सारं गाव वर पाहून राहिलं, त वर तुमची वायर. खांबापासून पंचायतीपर्यंत, मधात अशी लोंबलेली का बैलाच्या शिंगाले लागन. तशी कोनं टाकली? तुमीच ना? हे म्हने, आयती दोरी भेटली! झालं. आंब्याचे डगळे तिलेच बांधले, नारळ तिलेच बांधला, पोट्ट्यायनं फुगेही लावले. आन येकाही भैताडाच्या डोक्यात आलं नाई का बाबा, तोरन आपुन तोडासाठीच बांधून राहिलो! झडत्या गाऊन झाल्या, डफडं वाजलं, यायनं मिशीले पीळ देला, घातली काठी — फुटला पोळा. बैलं उधळले, वायर शिंगात, थेट नाल्यापर्यंत. आन लोकं टाळ्या वाजवून राहिले, टाळ्या!

आन घरात माही सून कॉम्प्युटरपुढं बसेल. रागिनी. पुन्याच्या कंपनीत हाये ती, दवाखान्याचे बिलं तपासते, पन घरूनच. त्या टायमाले तिच्या मोठ्या साहेबासंग मिटिंग चालू. तुह्यं लग्न झालं का? झालं असन, तुले कंपनीचा शर्ट हाये. शेतकऱ्याच्या पोराले कोनी पोरगी देत नाई रे आता. किशोरसाठी किती गावं पालथी घातली आमी! शिपाई असन त चालन म्हने, शेतकरी नोको. काळीभोर जमीन हाये, ओलीत हाये, पोराले सुपारीचं व्यसन नाई — तरी नोको. मंग ही शहरातली, राजापेठची भेटली. लोकं विचारते वावर किती, विहिरीले पानी किती. हिनं काय विचारलं? नेट हाये का. मी म्हटलं, हाये ना! — नव्हतं तवा. म्हनाच लागते. मंग किशोरनं पळापळ करून लग्नाच्या आधी लावून घेतलं. लग्न त्या वायरीशीच लागलं म्हन ना.

त ते तुटलं, आन ही रडत भाईर आली, साऱ्या गावापुढं. मी ताट घेऊन दारात उभी, बैलायचे पाय धुवाचे, ओवाळाचं. मी म्हटलं, बाई, सनाचा दिवस हाये, ठेव ते डबडं बाजूले. नोकरी गेली त गेली, आमी काय उपाशी ठेवतो तुले? — काय वाईट बोलली मी? सांग ना. घरच्यासारखं बोलली. डोळे पुसले आन झ्याक ओवाळलं तिनं बैलायले. मंग काई दिवस स्लॅबवर छत्री धरून बसे फोनच्या नेटवर. किशोर नांदगावले नेऊन झेरॉक्सच्या दुकानात बसवे, त येनारे जानारे टकमक पाह्यत. मंग रागिनी म्हने, आई, वायर जुडली का येतो. आन गेली मायच्या घरी. रुसून नाई गेली. रुसन काहून? नेट नाई म्हनून गेली. गावातल्या बाया विचारते ना, सून कोठी गेली — सांगतो मी, नेटले गेली. हासते भवान्या. किशोरचा फोन नाई उचलत, पन ते कामात असते. तिले काम लय राह्यते.

काय म्हनतं? झाला? हिरवा? ...हो वं माय, झाला! ये, जाऊ नोको, थांब. हा फोन घे आन रागिनीले लाव, ते तोंड दिसते ना, तसं. किशोर वावरात हाये, त्याले मंग सांगू, आधी तिले. लाव... वाजून राहिलं... उचलला!

रागिनी! पाह्य बाई, आलं नेट! आत्ताच जोडलं या भाऊनं! किती साफ दिसून राहिली तू, बारकी टिकलीही दिसते. जेवली का? मंग आता कवा येशीन? उद्या ये. किशोरले पाठवू का गाडी घेऊन? तुही खोली झाडून ठेवली मी, टेबलही खिडकीपाशी सरकवला, उजेडात... रागिनी? बाई, आवाज येते का माहा?

अटकलं. पाह्य, अटकलं ना तुह्यं नेट! पुतळ्यावानी झाली ती, तोंडच हालत नाई तिचं. हेच म्हनून राहिली मी तुले, तुमच्या कंपनीत येक काम — काय? नाई अटकलं? काहून नाई अटकलं? ...तिच्या मांगं? कोनता पंखा?

हो. फिरून राहिला.

दे तो फोन इकडं. थैली उचल तुही. नाई, सही नाई करत मी कशावर. जाय तू. जाय म्हटलं ना.